थोरांचा साधा वेष

कर्तबगार माणसांच्या चरित्रांत त्यांच्या पोशाखाविषयी एखादा परिच्छेद हटकून असतो, आणि बहुधा तो साधेपणाच्या स्तुतीचा असतो. अलीकडे या स्तुतीस एक नवे वळण लागले आहे. अमेरिकेतील संगणक-उद्योगाचे धुरीण स्टीव्ह जॉब्स हे वर्षानुवर्षे काळा, उंच गळ्याचा सदरा आणि निळी जीन पाटलोण एवढ्यावरच वावरले. मार्क झुकेरबर्ग यांनी २०१४ साली भर सभेत आपल्या एकाच करड्या टी-शर्टाचे समर्थन केले. अध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१२ साली एका मुलाखतीत सांगितले की, आपण करडे किंवा निळे सूटच तेवढे वापरतो. इतर निर्णय इतके असतात की, काय खावे व काय ल्यावे याच्या निर्णयात आपणास पडावयाचे नाही. या उदाहरणांवरून उपदेशकांनी एक सुटसुटीत सूत्र तयार केले आहे: रोज एकच वेष करा, वाचलेली बुद्धी कामास लावा, आणि यशस्वी व्हा.

सूत्र सोपे आहे, म्हणूनच ते तपासून पाहावयास हवे. हा उपदेश ज्यांस केला जातो ते बहुधा नुकतेच कामाच्या दारात उभे असलेले तरुण असतात, आणि त्या दारात त्यांच्या अंगावर काय आहे यावरून त्यांचे काय होते हा काही गमतीचा प्रश्न नव्हे. आमच्या मते या सूत्रात कार्य आणि कारण यांची अदलाबदल झालेली आहे. इतिहास या बाबतीत काय सांगतो ते पाहण्याचा आमचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

प्रथम बुद्धीच्या बचतीचा प्रश्न घेऊ. या कल्पनेच्या बुडाशी मानसशास्त्रातील एक सिद्धान्त आहे. रॉय बॉमायस्टर व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली असे प्रतिपादन केले की, मनोनिग्रहाची शक्ती ही एखाद्या साठ्यासारखी असून वापराने ती आटत जाते. पुढे, नुसती निवड करीत राहिल्यानेही ती आटते, असे सांगण्यात आले. परंतु २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून २,००० हून अधिक लोकांवर मूळ सिद्धान्ताची पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा अपेक्षित परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. पण प्रयोगशाळेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. एकच वेष रोज केल्याने जर माणूस थोर होत असता, तर आयुष्यभर खाकी कपड्यांत पत्रे वाटणारा पोस्टमन, पांढऱ्या पोशाखात रात्रपाळी करणारी परिचारिका आणि निळ्या डगल्यातला गिरणीकामगार यांनी जग केव्हाच जिंकले असते. त्यांनाही सकाळी काय ल्यावे याचा निर्णय करावा लागत नाही. मग एकाचा एकच वेष हा थोरवीचे लक्षण आणि दुसऱ्याचा एकच वेष ही चाकरीची खूण, हे कसे?

ओबामांच्याच चरित्रातील एक प्रसंग येथे उपयोगी पडतो. २८ ऑगस्ट २०१४ रोजी ते नेहमीची चाकोरी सोडून फिक्या तपकिरी रंगाचा सूट घालून वार्ताहरांपुढे आले. बोलण्याचा विषय सीरियातील युद्धाचा होता. चर्चा मात्र सुटाची झाली. यावरून आम्हांस असे दिसते की, ठरीव पोशाखाचा खरा लाभ घालणाऱ्याच्या मेंदूत नसून पाहणाऱ्यांच्या मनात असतो. तो वेष वेषाला चर्चेतून बाहेर काढतो. पण समाज ही सवलत कोणास देतो आणि कोणास देत नाही, हाच या विषयाचा गाभा आहे.

युरोपातील राजदरबारांत एके काळी ही सवलत कोणासच नव्हती. चौदाव्या लुईने १६८२ साली आपला दरबार व्हर्सायला नेला. तेथे राजाचे कपडे चढविणे हा राज्यकारभाराचाच एक विधी होता. सकाळी राजाचा सदरा हाती धरण्याचा मान कोणाचा, यावरून सरदारांत चुरस चाले. जरतार, फिती, लाल टाचांचे जोडे आणि केसांचे भले थोरले टोप यांत सरदारांची उत्पन्ने बुडत, आणि कर्जात बुडालेला सरदार बंड करीत नाही हे राजाला उमजले होते. त्याच सुमारास इंग्लंडात मात्र याच्या उलट एक प्रयत्न होऊन गेला होता. १६६५ ची प्लेगाची साथ आणि १६६६ ची लंडनची आग यांनंतर ऑक्टोबर १६६६ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने साध्या बंडीवजा पोशाखाची नवी रीत जाहीर केली. सरदारांस काटकसर शिकविणे हा तिचा हेतू, असे सॅम्युएल पेपिसने आपल्या रोजनिशीत नोंदले आहे. आणि शिंप्याचा मुलगा असल्यामुळे कापडाच्या गोष्टी त्याच्या नजरेतून सहसा सुटत नसत. याच बंडीतून पुढे वेस्टकोट निघाला, आणि कोट, वेस्टकोट व पाटलोण हा त्रिकूट पोशाख जगभर गेला. परंतु काटकसर काही टिकली नाही. सरदारांनी लवकरच बंडीलाही रेशीम आणि वेलबुट्टी लावली. साधेपणा हुकमाने आला की त्याचीही चढाओढ सुरू होते, एवढा बोध यातून निघतो.

साध्या वेषाचे सामर्थ्य ज्याने पुरतेपणी ओळखले असा पहिला आधुनिक पुरुष म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन होय. हा मनुष्य जन्मतः साधा होता असे समजण्याचे कारण नाही. १७६७ साली लंडनमध्ये काढलेल्या त्याच्या तैलचित्रात तो टोप व सोनेरी काठाचा निळा कोट घालून ऐटीत बसलेला आहे. २९ जानेवारी १७७४ रोजी इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे सरकारी वकील वेडरबर्न याने त्याची भर सभेत निर्भर्त्सना केली, तेव्हाही त्याच्या अंगावर मखमलीचा उत्तम पोशाख होता. त्या दिवशी त्या मखमलीने त्याची अब्रू राखली नाही. पुढे डिसेंबर १७७६ मध्ये अमेरिकेच्या बंडखोर वसाहतींचा वकील म्हणून तो फ्रान्सला आला. वय ७०, पदरी सैन्य नाही, पैसा नाही, आणि काम तर एका राजाकडून दुसऱ्या राजाविरुद्ध मदत मिळविण्याचे. तो पॅरिसमध्ये डोक्यावर टोपाऐवजी केसाळ कातड्याची टोपी घालून हिंडू लागला. फ्रेंच लोकांनी त्या टोपीत अरण्यातील ऋषी पाहिला, आणि फ्रँकलिनने त्यांचा भ्रम दूर करण्याची घाई केली नाही. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सशी मैत्रीचा तह झाला. त्या सह्यांच्या वेळी त्याने चार वर्षांपूर्वीचा तोच मखमली पोशाख मुद्दाम काढून घातला होता, अशी आख्यायिका आहे. २० मार्च रोजी सोळाव्या लुईच्या भेटीस मात्र तो साधा तपकिरी पोशाख करून, टोप आणि तलवार यांवाचून गेला. दरबारच्या शिपायालाही जे नियम मोडता आले नसते ते त्याने मोडले, आणि सारे व्हर्साय त्याच्यावर लुब्ध झाले. डब्यांवर, पदकांवर, अंगठ्यांवर त्याची छबी आली. आपला चेहरा आता चंद्राइतका ओळखीचा झाला आहे, असे त्याने १७७९ साली मुलीस विनोदाने लिहिले.

येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, ती टोपी फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर कोणाच्या डोळ्यांतही भरली नसती. जरतारीच्या समुद्रातच ती बेटासारखी दिसली. शिवाय, विजेवर प्रयोग करणारा म्हणून तिच्या धन्याची कीर्ती त्याच्या आधीच पॅरिसला पोहोचली होती. एखादा अनोळखी लाकूडतोड्या तीच टोपी घालून राजवाड्याच्या दाराशी गेला असता, तर पहारेकऱ्याने त्याला दारातूनच वाटेला लावले असते.

नेपोलियनच्या हाती ही कला राज्यशास्त्राचा भाग बनली. २ डिसेंबर १८०४ रोजी नोत्रदामच्या प्रार्थनामंदिरात झालेल्या राज्यारोहणात त्याच्या अंगावर मखमल व शुभ्र लोकर यांचा भार होता. म्हणजे थाटमाट त्याला ठाऊक नव्हता असे नाही. पण एरवी त्याचा वेष ठरलेला असे. आठवडाभर आपल्या रक्षक घोडदळातील कर्नलचा हिरवा गणवेष, रविवारी व समारंभास रक्षक पायदळाचा निळा, त्यावर थंडीत करडा लांब डगला, आणि डोक्यावर सोनेरी किनार नसलेली काळी टोपी. ही टोपी इतर अधिकारी टोके पुढेमागे करून घालीत. नेपोलियन ती आडवी घाली. परिणामी धुरात, धुक्यात, अर्ध्या कोसावरूनही शिपायास नुसत्या आकृतीवरून कळे की, बादशहा आला.

आता त्याच्या भोवती पाहा. लियाँ शहरातील रेशमाचा धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून त्याने दरबाऱ्यांस तेथील रेशीम व मखमल वापरावयास लाविले. सेनापतींच्या अंगावर सोन्याचे भरतकाम चमके, आणि त्याचा मेहुणा म्यूरा तर पिसे, फर आणि जर यांनी मढलेला असे. या झगमगाटात मधोमध एक पुरुष करड्या डगल्यात उभा. जो सर्वांना नटवितो आणि स्वतः नटत नाही तोच धनी, हे सांगण्यास निराळ्या चोपदाराची गरज उरत नसे. हा सारा प्रपंच वेळ वाचविण्यासाठी होता असे म्हणावे, तर हाच पुरुष कढत पाण्याच्या टबात तास तास बसून कागदपत्रे ऐकत असे. त्याला बचत वेळेची करावयाची नव्हती. आपल्या थोरवीस कापडाचा आधार लागत नाही हे त्याला दाखवावयाचे होते. त्या साधेपणाचा भाव पुढे कसा चढला हेही पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या अशा एका काळ्या टोपीस लिलावात सुमारे १९ लक्ष युरो आले.

या उदाहरणांवरून साध्या वेषाच्या तीन अटी निघतात. घालणारा कोण आहे हे पाहणाऱ्यास आधीच ठाऊक असले पाहिजे. भोवताली थाटमाट असला पाहिजे, म्हणजे साधेपणा उठून दिसतो. आणि भारी वेष करण्याची ऐपत व मोकळीक त्याला असली पाहिजे, म्हणजे साधा वेष हा त्याग ठरतो. यांतील एक अट जरी चुकली तरी तोच कपडा दारिद्र्याची नाही तर उद्धटपणाची निशाणी होतो. नेपोलियनच्याच काळी लंडनमध्ये बो ब्रमेल याने गडद निळा कोट व पांढरा गळपट्टा एवढ्यावर पुरुषी पोशाखाचा साधा आदर्श घालून दिला, पण तो गळपट्टा मनासारखा बांधण्यात त्याची सकाळ जाई. शेवटी कर्जापायी १८१६ साली तो फ्रान्सला पळाला आणि १८४० मध्ये कां येथील वेड्यांच्या इस्पितळात मेला. साधे दिसणे स्वस्त असते, हा गैरसमज दूर करण्यास एवढे चरित्र पुरे आहे.

आमच्याकडील इतिहासात हा प्रश्न अधिक तीव्र झाला, कारण येथे वेष ही केवळ ऐपतीची नव्हे तर जातीची बाब होती. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरि रावजी चिपळूणकर यांनी राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ केला. निमंत्रित मंडळी शालजोड्या व दागिने घालून आली होती. जोतीराव फुले तेथे गेले ते शेतकऱ्याच्या वेषात. जोतीराव काही नाइलाजाने त्या वेषात नव्हते. त्यांचा ठेकेदारीचा व्यवसाय होता आणि पुणे नगरपालिकेचे सभासदत्व त्यांनी भूषविले होते. पाहुण्यांस त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे की, या दालनातील जडजवाहिरावरून राणीच्या प्रजेची परीक्षा करू नये. खरी प्रजा पाहावयाची तर खेड्यात जावे. त्या दिवशी त्यांचा वेष हा त्यांच्या भाषणाचाच अर्धा भाग होता. नेपोलियनचा डगला स्वतःकडे बोट दाखवीत होता. जोतीरावांचा वेष दाराबाहेर राहिलेल्यांकडे बोट दाखवीत होता. साध्या वेषाचा हा दुसरा आणि अधिक उदात्त उपयोग होय.

गांधीजींचा पंचा याच दुसऱ्या जातीचा. विद्यार्थिदशेत लंडनच्या बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा सूट शिवविणारा हा मनुष्य. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईस परळ येथे त्यांच्या हस्ते परदेशी कापडाची मोठी होळी झाली. पण परदेशी कापड जाळावयास सांगितले, तर खादी घेण्यास गरिबाजवळ पैसा कोठे होता? मद्रास इलाख्यातील प्रवासात हाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरा येथे त्यांनी सदरा व टोपी टाकली आणि गुडघ्यापर्यंतचा पंचा धारण केला. प्रथम महिनाभराचा म्हणून केलेला तो निश्चय आयुष्यभर टिकला. परंतु आपल्या सहकाऱ्यांनी वा वाचकांनी हा वेष घ्यावा अशी आपली इच्छा नाही, हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले होते. आजच्या उपदेशकांनी ध्यानात घ्यावा असा हा विवेक आहे.

आणि याच काळात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर सूट, टाय व बूट यांचा नीटनेटका पोशाख करीत होते. हाही एक ठरीव कामकाजाचा वेषच होता. कोणी त्यास विलायती मोह म्हणून नावे ठेविली; पण नावे ठेवणाऱ्यांनी तिसऱ्या अटीचा विचार केला नाही. ज्याला चांगले वस्त्र नेसण्याची बंदी आहे त्याने साधे वस्त्र नेसणे हा त्याग नव्हे, ती आज्ञाधारकता होय. ही बंदी काही पुराणकाळची नव्हती. इंदूर संस्थानातील काही खेड्यांत बलाई लोकांवर सवर्णांनी जे नियम लादले त्यांची हकीकत जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रांत आली: जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत वा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्यारुप्याचे दागिने घालू नयेत. बाबासाहेबांनी आपल्या १९३६ सालच्या जातिनिर्मूलनाच्या निबंधात ही हकीकत उद्धृत केली आहे. त्यांनी स्वतः १९१७ साली बडोद्यास काय सोसले तेही प्रसिद्ध आहे. कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण पदरी असताना त्यांना तेथील पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांस त्यांनी सांगितले की, ज्या लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि ज्या गळाभर दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते, ती तऱ्हा आणि ते दागिने टाकून द्या. फ्रँकलिनने दरबारी नियम मोडण्यासाठी टोप काढला. महाडच्या बायकांनी नियम मोडण्यासाठी लुगडे घोट्यापर्यंत नेसले. कृती उलट दिसते, अर्थ एकच आहे.

१९३१ च्या शरद ऋतूत लंडनमध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या बैठकींत पंचा आणि सूट एकाच दालनात होते. एकाने वरून खाली येऊन गरिबाचा वेष घेतला होता. दुसऱ्याने खालून वर येऊन, नाकारलेला वेष घेतला होता. ज्याच्या अंगावर कमी कापड तोच अधिक थोर, असला हिशेब येथे मांडणारा मनुष्य इतिहास वाचत नाही, कापड मोजतो.

या दृष्टीने आधुनिक उदाहरणांकडे पुन्हा वळू. जॉब्स यांच्या काळ्या सदऱ्याची कुळकथा त्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात आली आहे. जपानमधील सोनी कंपनीत सर्व कामगार एकसारखे डगले घालतात हे पाहून ते मोहित झाले. युद्धोत्तर काळात लोकांजवळ कपडेच नव्हते म्हणून ही चाल पडली, असे त्यांस अकिओ मोरिता यांनी सांगितले. जॉब्स यांनी इस्से मियाके या वस्त्रकारांकडून आपल्या कंपनीसाठीही तसाच डगला करविण्याचे मनात आणले, पण त्यांच्या नोकरवर्गाने ती कल्पना आरडाओरडा करून उडवून लावली. मग त्यांनी मियाकेंकडून स्वतःपुरते काळे सदरे करून घेतले, सुमारे शंभर. जो वेष नोकरांस जोखड वाटला तोच धन्याच्या अंगावर बाणा ठरला, यात आमचे सारे प्रतिपादन सामावलेले आहे. पुढे एलिझाबेथ होम्स या तरुण उद्योजिकेने रक्तचाचणीचे यंत्र काढल्याचा डांगोरा पिटून तसाच काळा सदरा अंगावर चढविला. सदरा हुबेहूब होता. यंत्र मात्र चालत नव्हते, आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने तिला फसवणुकीबद्दल दोषी ठरविले. स्त्रियांस तर ही सवलत अजून पुरती मिळालेलीच नाही. ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणीचे निवेदक कार्ल स्टेफानोविक यांनी वर्षभर जवळजवळ रोज एकच निळा सूट घातला आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या निवेदिकेच्या कपड्यांवर मात्र प्रेक्षकांची टीका चालूच असे. हे त्यांनी २०१४ साली मुद्दाम उघड करून दाखविले.

तेव्हा साध्या वेषाने कोणी थोर झालेला नाही. थोर झालेल्यांस साध्या वेषाची मोकळीक मिळाली, एवढेच इतिहास सांगतो. ज्याला ती मिळाली त्याने तिचा उपयोग केला तर त्यात वावगे काही नाही. पण पहिल्या मुलाखतीसाठी उसनवार कोट आणणाऱ्या मुलास, किंवा आपल्या बापाला जे नाकारले गेले ते वस्त्र अभिमानाने अंगावर घालणाऱ्या मुलीस, झुकेरबर्गच्या टी-शर्टाचा दाखला देऊन साधेपणा शिकवू नये. त्यांच्या अंगावरील कोटाला त्या टी-शर्टापेक्षा पुष्कळ अधिक काम करावयाचे असते.